लेकाला गाईड व्हायचंय म्हणतेस

अहिवारा, जि. दुर्ग
नोव्हेंबर

प्रिय कुमुद,

तुझा निरोप ऐकला. लेकाची मॅट्रिक आटोपली आणि त्याने जाहीर केलं की इंजिनिअरिंग नको, दक्षिण आफ्रिकेतल्या त्या क्रुगरच्या रानात गाईड व्हायचंय, वर्षभराचा कोर्स करायचाय. बापलेकांचा अबोला सुरू आहे आणि मध्ये तू. वर मलाच विचारतेस, "तुला जंगलातलं कळतं, तूच सांग." मैत्रीबागेत वाघाच्या पिंजऱ्यासमोरून मला ओढून न्यावं लागायचं, तेवढ्यावर तू माझी ही ख्याती करून ठेवली आहेस. फोनवर सांगितलं असतं तर "जाऊ दे गं त्याला" एवढंच झालं असतं. मला तेच म्हणायचंय, पण त्याला दोन-चार अटी आहेत, म्हणून हा कागद.

आधी हे सांगते की तू पाठवलेला अभ्यासक्रम मी सगळा वाचून काढला आणि चकित झाले. मला वाटलं होतं, सिंह कुठे बसतो आणि जिराफाची मान किती लांब एवढ्यावर भागत असेल. इथे तर खडक आणि माती, हवामान, तारे, गवत, झाडं, किडे, मासे, बेडूक, साप, पक्षी, मग कुठे सस्तन प्राणी. 1990 साली तिथल्या गाईड लोकांनी आपली संघटना उभी केली, पायऱ्या आणि परीक्षा ठरवल्या. आज बऱ्या लॉजवर नोकरी हवी तर त्यांचं प्रमाणपत्र विचारतातच. त्याशिवाय प्रथमोपचाराचा दाखला, प्रवासी नेण्याचा वेगळा वाहनपरवाना आणि सरकारदरबारी गाईड म्हणून नोंदणी. म्हणजे "पोरगं रानोमाळ भटकणार" असं जे तुझ्या यजमानांना वाटतंय, तसं ते नाही. भटकण्यासाठी एवढे पेपर कोण देतं?

पण लेकालाही एक गोष्ट सांग, कारण माहितीपत्रकातल्या फोटोंत ती दिसत नाही. ही मुळात पाहुण्यांची उस्तवार करण्याची नोकरी आहे. पहाटे चारला उठायचं, पाहुण्यांना उठवायचं, गाडी पुसायची, पंक्चर काढायचं, सूर्य मावळताना गाडी थांबवून सगळ्यांना पेयं द्यायची, रात्री त्यांच्याच टेबलावर बसून हसतमुखाने जेवायचं, आणि "आज बिबट्या दिसला नाही" हे गाऱ्हाणं ऐकून घ्यायचं. महिनेन्‌महिने घर नाही. ज्याला माणसांचा कंटाळा आहे म्हणून जंगल हवंय, त्याने या वाटेला जाऊच नये. त्याने संशोधन करावं नाहीतर वनखात्यात जावं. तुझा लेक बोलका आहे, मला आठवतंय. इथे आला होता तेव्हा आमच्या दूधवाल्याला थांबवून म्हशींबद्दल प्रश्न विचारत होता. ती खूण चांगली आहे.

दुसरं व्यवहाराचं. कोर्स करायला परदेशी मुलांना कुणी अडवत नाही, युरोपातून पोरं येतातच. पण कोर्स झाल्यावर तिथे पगारी नोकरीचा परवाना मिळणं ही वेगळी लढाई. तुमचा तिथला मुक्काम यजमानांच्या बदलीवर आहे, तेव्हा हे आधी विचारून घ्या. फी लाखांत आहे.

आता आमच्याकडचं सांगते, कारण मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इकडे आहे.

भाऊ गोंदियाला असल्यामुळे माझं नागझिऱ्याला जाणं होत असतं. दुर्गला गाडीत बसलं की राजनांदगाव, डोंगरगड आणि मग गोंदिया, सोपं आहे. नागझिऱ्याच्या फाटकावर गाईड आपण निवडायचा नसतो. पाळीप्रमाणे ज्याचा नंबर असेल तो जिप्सीत चढतो. तो आसपासच्या गावातलाच असतो. 2012 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन थांबवलं होतं, आठवतं? ऑक्टोबरमध्ये व्याघ्र प्राधिकरणाची नियमावली आली, तेव्हा दारं उघडली. गाभ्याच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त भागात पर्यटन नको, स्थानिकांना रोजगार मिळाला पाहिजे, हे सगळं त्यात आहे. त्यामुळे आपल्याकडचा गाईड म्हणजे फाटकालगतच्या गावातला मुलगा, आणि आता कान्हा, पेंच, ताडोबा इथे मुलीसुद्धा. वनखातं त्यांना काही दिवसांचं प्रशिक्षण देतं, गणवेश देतं, पक्ष्यांची इंग्रजी नावं पाठ करून घेतं. एका फेरीचे काहीशे रुपये. 1 जुलै ते 30 सप्टेंबर गाभा बंद, तेव्हा हाच गाईड बांधीत उतरून धानाची रोवणी करत असतो.

तुमच्याकडे शहरातला मुलगा पैसे भरून जंगल शिकायला जातो, आमच्याकडे जंगलातला मुलगा शहरी पाहुण्यांशी बोलायला शिकतो. अगदी उलटा प्रवास. आणि मला खटकतं ते हे की आपण त्याला नेमकं तेच शिकवतो जे त्याच्याकडून ऐकण्यात आपल्याला रस नसतो. नागझिऱ्याला एक पोरसवदा गाईड होता. ठरल्याप्रमाणे त्याने भुताचं झाड दाखवलं, ऐनाची मगरीसारखी साल दाखवली, सर्पगरुड दाखवला. पाठ केलेलं सगळं एका सुरात. मग गाडी चिखलात रुतली, चालक खटपट करत होता आणि मी सहज विचारलं, मोहफुलं वेचायला तुमच्याकडे कोण जातं? बाई गं, पोरगा खुलला. अस्वलही मोहाखाली येतं म्हणून आई किती वाजता निघते, जाताना का बोलत राहायचं, वारा कुठला असेल तर कुठल्या बाजूने जायचं नाही, वानर नुसतं खाकरलं आणि वानर खरंच घाबरलं यात फरक काय. हे त्याच्या प्रशिक्षणाच्या वहीत नव्हतं. तुझ्या लेकाला तिकडे लाखो रुपये देऊन जे शिकायचंय त्यातला मोठा वाटा या पोराच्या आईकडे आहे.

हे मी भाबडेपणाने म्हणत नाही. गावातल्या प्रत्येकाला जंगल कळतं असं नसतं, आणि ज्याला कळतं त्याला ते सांगता येतंच असंही नाही. पण मारुती चितमपल्लींकडे बघ. 2025 च्या जूनमध्ये ते गेले, त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती. कोइंबतूरच्या वन महाविद्यालयात रीतसर शिकलेला वनाधिकारी. पण नवेगावबांधला गेल्यावर ज्यांच्याकडून शिकले त्यांची नावं त्यांनी जन्मभर सांगितली. माधवराव पाटील डोंगरवार तर आहेतच, शिवाय ढिवर, गोंड, पारधी. 'पक्षिकोश' अशा माणसाच्या हातून होतो ज्याने दोन्ही शाळा केल्या आहेत. लेकाला मराठी वाचता येतं ना अजून? नसेल तर तू वाचून दाखव.

बरं, आफ्रिकेतल्या लोकांना हे उशिरा का होईना उमगलंय असं दिसतं. तिथल्या लँड रोव्हरच्या बॉनेटवर पुढे एक खुर्ची असते बघ, त्यावर माग काढणारा बसतो, बहुतेक शंगान समाजाचा. गाईड गाडी चालवतो, बोलतो, बक्षिशी घेतो. सिंह सापडतो तो पुढच्या खुर्चीवरच्या माणसामुळे. पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची, गाईगुरं राखताना. राखीव रानांना कुंपणं पडली, गुरं बाहेर राहिली आणि विद्या आटायला लागली. तेव्हा 2010 मध्ये अ‍ॅलेक्स व्हॅन डेन हीव्हर नावाचा गोरा गाईड आणि त्याचा शंगान जोडीदार रेनियास म्लोंगो यांनी माग काढणाऱ्यांची शाळाच काढली, खेड्यातल्या बेरोजगार मुलांसाठी. त्याच्याही आधी लुई लीबेनबर्गने कलहारीतल्या सान शिकाऱ्यांबरोबर फिरून असं मांडलं की विज्ञानाची सुरुवात माग काढण्यातून झाली असावी: वाळूवरची खूण पाहायची, अंदाज बांधायचा, पुढच्या खुणेशी ताडून पाहायचा, चुकला तर सोडून द्यायचा. गृहस्थ तेवढ्यावर थांबला नाही. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही नोंदी करता याव्यात म्हणून हातातल्या छोट्या यंत्रावर चित्रं दाबून माहिती भरण्याची सोय केली, आणि माग ओळखण्याची परीक्षा ठरवली. त्या परीक्षेत पदवीधर आणि निरक्षर एकाच ठशासमोर उभे राहतात. लेकाने रायफलीच्या आधी ही परीक्षा द्यावी अशी माझी पहिली अट.

रायफलीचं तर मला तुझ्याशी बोलायचंच होतं, कारण तुझी झोप त्यानेच उडाली असणार. गाडीतल्या गाईडच्या पुढची पायरी म्हणजे पाहुण्यांना पायी नेणारा गाईड. त्याच्या हातात निदान .375 बोअरची रायफल असते. धावत येणाऱ्या सिंहाचं चित्र अंगावर सोडतात आणि तेवढ्या श्वासांत नेम धरायचा असतो. अनुभवी गाईडच्या मागे चालून तास मोजायचे, हत्ती, म्हैस, सिंह, गेंडा यांच्याशी पायी झालेल्या गाठी वहीत नोंदवायच्या, त्या भरल्याशिवाय पाहुणे हाती देत नाहीत. पण सगळा भर गोळी न झाडण्यावर असतो, हे लक्षात घे. वारा बघ, अंतर राख, हत्तीचे कान आणि सोंड काय सांगतात ते वाच, सिंह अंगावर आला तरी पळू नकोस, उभा राहा. गोळी झाडावी लागली तर कुठेतरी आधीच चुकलं असं धरून चौकशी होते.

याच्यासमोर आमच्याकडचं ठेव. आपल्या पर्यटकाला पाय जमिनीला लावायची परवानगी नाही. गाईडलाही नाही. सातपुड्यात मढईला पायी फिरवतात, पन्नात पारधी तरुणांना पायवाटेचे गाईड म्हणून तयार केलं गेलं, असे थोडे अपवाद. मग पायी चालतं कोण? वनरक्षक. हातात काठी. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्यात कोलाऱ्याच्या बाजूला व्याघ्रगणनेच्या पाहणीसाठी मजुरांबरोबर पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने मारलं. आपण "माया वाघिणीची साइटिंग झाली का" विचारत ज्या रस्त्यावर जिप्सीत बसायचो त्याच रानात. आणि आमच्या छत्तीसगडात हत्ती मित्र दलाची पोरं आहेत, रात्री कळपाच्या मागावर राहतात आणि पुढच्या गावाला सावध करतात. पायी गाईडगिरीचा आमच्याकडचा सगळ्यात खरा नमुना मला विचारशील तर तोच आहे, फक्त त्यांच्यामागे पाहुणे नसतात.

तर तुलना करताना "तिकडे किती व्यवस्थित, इकडे किती गोंधळ" असं मी म्हणणार नाही. तिकडच्या व्यवस्थेच्या तळाशीही पुष्कळ काही आहे. क्रुगर 1926 चं, त्याचं मूळ साबीचं राखीव रान 1898 चं, आणि तिथून माणसं हलवलेली. उत्तरेच्या टोकाला लिम्पोपो आणि लुवुवु नद्यांच्या मधल्या मकुलेके लोकांना 1969 मध्ये उठवलं. त्यांनी जमिनीवर दावा लावला आणि 1998 मध्ये ती परत मिळवली. मिळाल्यावर शेती केली नाही, रान म्हणूनच ठेवली, मालकी आपली. गाईड घडवणारा एक तळ त्याच जमिनीवर आहे. कुंपण नाही, तंबू, रात्री हत्ती मधून जातात. लेकाने निवडायचंच असेल तर असा तळ निवडावा आणि पहिल्या दिवशी तिथल्या लोकांना विचारावं, ही जमीन कुणाची. आपल्याकडे कान्ह्यातून बैगा उठले, ताडोब्याच्या गाभ्यातून नवेगाव, जामणी उठली. परत मिळाल्याचं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

एक प्रकरण मात्र लेकाला मुद्दाम सांग, कारण गाईडचा खरा पेपर असा असतो. 31 डिसेंबर 2024. उमरेड-पवनी-करांडल्यात गोठणगावच्या बाजूला एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर. दोन्ही बाजूंनी जिप्स्या आल्या आणि त्यांना मध्ये कोंडलं. लोक फोटो काढतायत, ती जाणार कुठे? चित्रफीत देशभर फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाईड निलंबित झाले. नियम त्यांनी मोडला, शिक्षा योग्य. पण त्या गाडीत मागे बसलेले कोण होते? वर्षअखेरीला बुकिंग करून आलेले तुझ्यामाझ्यासारखे लोक, "भैया, थोडा आगे लो ना" म्हणणारे. त्यांना कुणी निलंबित केलं नाही. पाळीने येणारा, बक्षिशीवर महिना काढणारा विशीतला मुलगा सहा पाहुण्यांना "नाही" कसं म्हणणार? तुमच्याकडच्या खासगी रानांत एका प्राण्याजवळ दोन-तीनच गाड्या, बाकीच्यांनी रेडिओवर नंबर लावून थांबायचं, असा रिवाज आहे. तिथला गाईड नाही म्हणू शकतो कारण त्याच्या मागे लॉज, पगार आणि संघटना उभी असते. क्रुगरच्या डांबरी रस्त्यावर, जिथे जो तो आपली गाडी घेऊन येतो, तिथे सिंहाभोवती आपल्यासारखीच जत्रा असते. त्यामुळे स्वभावाचा प्रश्न नाही हा. लेकाला कोर्समध्ये काय शिकवतात याची चौकशी करशील तेव्हा हेही विचार की पाहुण्याला नाही कसं म्हणायचं हे शिकवतात का.

अगं, आणि हे आफ्रिकेचं वारं इकडे आलेलंच आहे. 2006 पासून ताज हॉटेलवाल्यांनी एका आफ्रिकी सफारी कंपनीबरोबर भागीदारी करून बांधवगड, पेंच, कान्हा, पन्ना इथे लॉज काढले, आपल्याकडच्या पोरांना तिकडच्या पद्धतीने निसर्गतज्ज्ञ म्हणून तयार केलं. परिणाम असा की आता कान्ह्याच्या एका जिप्सीत पुढे दोन जाणकार असतात, लॉजचा निसर्गतज्ज्ञ आणि फाटकावरचा गावातला गाईड. इंग्रजीत कोण बोलतं आणि धोक्याचा कॉल आधी कुणाला ऐकू येतो, हे तू ओळखलंच असशील. कधी कधी त्या दोघांची छान जोडी जमलेली दिसते, तेव्हा त्यांच्या मागे बसायला मजा येते. वाघ नाही दिसला तरी बाराशिंग्यांपाशी अर्धा तास थांबतात. 1970 मध्ये सगळे मिळून 66 उरले होते, हे एकजण सांगतो आणि ते कुठलं गवत खातात हे दुसरा दाखवतो.

चित्त्यांचं तर तुला ठाऊकच आहे. कोरिया संस्थानाच्या महाराजांनी शेवटचे तीन चित्ते मारले ती जागा आता आमच्या राज्यात, आणि त्याच भागात 2024 च्या नोव्हेंबरात गुरू घासीदास-तमोर पिंगला व्याघ्र प्रकल्प झाला. 2022 मध्ये नामिबियाहून आठ, 2023 मध्ये तुमच्या देशातून बारा चित्ते कुनोला आले. तुमचे चित्ते आमच्याकडे आणि आमचा मुलगा तुमच्याकडे, असं इथे सासूबाई म्हणतात. त्यांना वाटतं मुलगा चित्त्यांच्या बदल्यात जातोय.

माझी दुसरी अट हीच की कोर्सच्या आधी त्याला महिनाभर माझ्याकडे पाठव. जानेवारीची तुकडी चुकली तर पुढची धरेल. अहिवाऱ्यात काय बघणार म्हणशील, सिमेंटचा कारखाना आणि चुनखडीच्या खाणी. तर नंदिनीच्या जुन्या खाणींच्या खड्ड्यांत पाणी साचतं आणि हिवाळ्यात त्यावर बदकं उतरतात. खाणीच्या वापरून झालेल्या जमिनीवर झाडं लावून जंगल उभं करायचं काम चाललंय. ते जंगल होतंय की नुसती झाडांची रांग, हे त्याने स्वतः बघून मला सांगावं. बेमेतऱ्याकडे गिधवा-परसदाचे तलाव आहेत, तिथे गावकऱ्यांनी पक्षी राखलेत, 2021 मध्ये तिथे पक्षी महोत्सव झाला होता. तिथे कुणी गाईड नसतो, धान राखणारा म्हातारा असतो, त्याच्याशी बोलावं लागतं. मग कवर्ध्याहून चिल्फीचा घाट चढून मुक्कीच्या फाटकाने कान्हा. आणि शेवटी भाऊ त्याला नागझिऱ्याला नेईल, त्या चिखलात रुतलेल्या पोराच्या गावी. फाटकाच्या आत नाही, बाहेर. मोहाचे दिवस नसतील, पण आई घरी असेल.

एवढं करून परत येताना तो म्हणाला की मला अजूनही गाईडच व्हायचंय, तर यजमानांना सांग, आता अडवू नका. आणि म्हणाला की मला नको, तर तुमचे लाखो रुपये वाचले, माझं कमिशन रुइबॉसच्या चहात दे. मागच्या वेळचा संपला.

तुझी,
शालू

ता. क. मुक्कीच्या सफारीचं बुकिंग ओळखपत्रावरच करावं लागतं, फाटकावर ते तपासतात. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच, नंबरासकट लवकर कळव. जानेवारीच्या जागा भराभर जातात, आणि बुधवारी दुपारी कान्हा बंद असतं, त्या हिशोबाने तिकीट काढ. कपडे मातकट रंगाचे दे, ते भगभगीत केशरी जाकीट घरीच राहू दे. थंडीचं मात्र भरपूर दे, पहाटे उघड्या जिप्सीत दात वाजतात.